पंच क्रमांक दोन

अमरावतीच्या एका लॉ कॉलेजात मी गेली एकोणीस वर्षं एकच पेपर शिकवतो आहे. निरनिराळ्या देशांतल्या फौजदारी न्यायव्यवस्थांची तुलना, असा तो पेपर. मुलं तो घेतात, कारण त्यात कलमं पाठ करावी लागत नाहीत आणि मास्तर बोलतो बरा. मी बरा बोलतो हे मला पक्कं ठाऊक आहे. माझं जे काही वाटोळं झालं ते बरंचसं या बरं बोलण्यातूनच झालं.

फ्रान्समध्ये गंभीर गुन्ह्याच्या तपासावर एक न्यायाधीश कसा बसवलेला असतो, इंग्लंडात पोलीस आरोपीला विचारतात ते सगळं रेकॉर्ड कसं होतं, अमेरिकेत बहुतेक खटले ज्युरीपर्यंत पोचतच नाहीत कारण त्याआधीच तडजोड होऊन जाते, जपानमध्ये आरोपपत्राआधी माणसाला तेवीस दिवस कसं कोंडून ठेवता येतं, हे मी असं सांगतो जणू या सगळ्या देशांत माझी सासुरवाडी आहे. प्रत्यक्षात मी नागपूरच्या पुढे फारसा गेलेलो नाही. पासपोर्ट काढून ठेवलाय, तो कोरा आहे. पण राजापेठेतल्या आमच्या घराच्या माडीवर, खाली ट्यूशन सुटलेल्या पोरांच्या गाड्यांचा कलकलाट चालू असताना, मी वाचून वाचून हे देश पाठ केले. वर्गात पोरं कान देऊन ऐकतात आणि शेवटी एखादा विचारतोच, "सर, मग सगळ्यात चांगली सिस्टिम कोणती?" त्यावर मी डोळे मिटून किंचित हसतो. हे हसू मी अनेक वर्षं सांभाळून वापरलं.

चार-पाच वर्षांपूर्वी अकोल्याच्या एका पोलीस ठाण्याने मला भाषणाला बोलावलं. ठाण्याचं नाव सांगत नाही, आणि सांगून उपयोगही नाही, कारण ते कुठलंही असू शकलं असतं. कायदेविषयक जागृतीचा सप्ताह होता आणि ठाणेदारांना कुणीतरी माझं नाव दिलं होतं. ठाण्याच्या मागच्या हॉलमध्ये तीसेक पोलीस खुर्च्यांवर बसले होते. त्यातले निम्मे रात्रपाळी करून आलेले, तरी डोळे उघडे ठेवून होते, याचं मला फार कौतुक वाटलं.

मी त्या दिवशी रंगात आलो. म्हटलं, पंच ही काही आपलीच मक्तेदारी नाही. जर्मनीत झडतीच्या वेळी न्यायाधीश किंवा सरकारी वकील हजर नसेल तर शक्यतो गावातली दोन माणसं बोलवावीत आणि ती पोलीस नसावीत, असा कायदा आहे. रशियात तर हुबेहूब आपल्यासारखेच दोन त्रयस्थ पंच असतात, आणि तिथेही ओरड हीच की पोलिसांच्या मर्जीतली तीच ती माणसं न बघता सही करून मोकळी होतात. यावर हॉलमध्ये हशा पिकला. ठाणेदार म्हणाले, म्हणजे आपण एकटे नाही सर. मीही हसलो. मग मी पंच म्हणजे न्यायालयाचे डोळे वगैरे बोललो. टाळ्या पडल्या. शाल आणि नारळ मिळाला.

भाषणानंतर ठाणेदारांच्या केबिनमध्ये चहा आला, आलुबोंडे आले. आमच्या वऱ्हाडात पाहुण्याच्या पुढ्यात प्लेट आली की ती रिकामी होईपर्यंत त्याला हलता येत नाही. तेवढ्यात एक हवालदार कागदांची चळत घेऊन आत आला. हा ठाण्याचा रायटर, म्हणजे सगळे पंचनामे, जबाब लिहिणारा माणूस. त्याने ठाणेदारांच्या कानाशी काहीतरी सांगितलं. ठाणेदारांच्या कपाळाला आठी पडली. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, सर, एक मदत करा.

प्रकरण खुनाचं होतं. एका दालमिलमधल्या तरुण कामगाराला कुणीतरी भोसकलं होतं. त्याच्याबरोबर काम करणारा एक जण पकडला होता. त्याने म्हणे कबूल केलं की सुरा मिलच्या मागच्या भिंतीला लागून बाभळीखाली पुरला आहे, चला दाखवतो. पोलीस त्याला घेऊन सकाळी तिकडे गेले होते, सुरा आणला होता. अशा वेळी दोन पंचांसमोर आरोपीने आधी तसं सांगावं लागतं, मग त्याच पंचांसमोर पुढे होऊन वस्तू काढून द्यावी लागते. मोठ्या गुन्ह्यात पोलिसांना सरकारी पगाराचा पंच लागतो, कारण खाजगी माणूस कोर्टात पलटतो. सरकारी पगाराचे दोघे ठरले होते, त्यातला एक आलाच नव्हता आणि आता फोन उचलत नव्हता. आमचं कॉलेज अनुदानित, म्हणजे माझा पगार सरकारी तिजोरीतून येतो.

मी म्हटलं, अहो, पण मी तिथे नव्हतो.

रायटर समजुतीच्या सुरात म्हणाला, "सर, तिथं नव्हते, इथं त होते ना. सकाळपासून इथंच हा तुमी. सगळं बराबर हाय, फक्त सईचं रायलं."

केबिनमधले दोघे-तिघे हसले. मीही हसलो. लोक हसतात तेव्हा मी हसतो, ही माझी जुनी खोड आहे. पहिलं पान मी वाचायला घेतलं, दोन ओळी वाचल्या, आणि मला वाटलं की मी वाचतोय हे या माणसांना अपमानासारखं वाटेल. यांनी मला शाल दिली होती. मी तीन पानांवर खाली सही केली. मग रायटरने चार कोऱ्या चिठ्ठ्या पुढे केल्या. सुऱ्याच्या पाकिटावर लाख लावून सील करतात, त्याखाली पंचांच्या सहीची चिठ्ठी चिकटवतात, त्या ह्या. त्यांच्यावरही केली. माझ्या नावापुढे 'पंच क्रमांक दोन' असं लिहिलं होतं.

माझे आजोबा अंगठा उठवायचे. वडील बडनेऱ्याला रेल्वेत खलाशी होते आणि सही करता यावी म्हणून त्यांनी मोठेपणी मास्तर लावला होता. ते पगाराच्या दिवशी रजिस्टरवर सही करायचे तेव्हा जीभ बाहेर काढून, सावकाश, एकेक अक्षर. आमच्या घरात तीन पिढ्यांत मिळवलेली गोष्ट होती ती. मी ती आलुबोंडा खाता खाता सात वेळा देऊन टाकली. हे आज लिहितो आहे. त्या वेळी माझ्या मनात असलं काही आलं नाही, फक्त परतीची गाडी चुकू नये एवढंच आलं.

बाहेर पडताना ओसरीत एक माणूस भिंतीला टेकून जमिनीवर बसला होता. पंचविशीचा असेल. मी शाल सावरत त्याच्याजवळून गेलो. हाच तो, असं रायटर म्हणाला. त्याला मी तेवढाच पाहिला.

पुढची चार वर्षं मी हे विसरलो होतो असं म्हणायला मला आवडलं असतं. विसरलो नव्हतो. पंचांवरचं प्रकरण वर्गात आलं की मी ते भराभर उरकायचो आणि नॉर्वेच्या तुरुंगाकडे वळायचो. तिथल्या कैद्यांच्या खोल्यांचं वर्णन केलं की पोरं खूश होतात.

मग एक दिवस कॉलेजच्या स्टाफरूममध्ये समन्स आलं. अकोल्याच्या कोर्टात साक्षीला हजर राहा. प्राचार्यांना आनंद झाला. आपला माणूस खुनाच्या खटल्यात साक्षीदार म्हणजे संस्थेचं नाव, असं ते म्हणाले. दोन दिवसांनी कोर्टाचं काम बघणाऱ्या हवालदाराचा फोन आला. त्याला पैरवी हवालदार म्हणतात, साक्षीदार गोळा करून कोर्टापुढे उभे करणं हे त्याचं काम. त्याने सांगितलं की पंच क्रमांक एक मधल्या काळात वारले. सुऱ्याची गोष्ट सांगणारा आता मी एकटाच उरलो होतो. आणि डोळ्यांनी पाहिलेला साक्षीदार खटल्यात नव्हताच, जे काही होतं ते त्या सुऱ्यावर उभं होतं. "सर, तुमच्यावरच हाय केस," तो म्हणाला, आणि मग सहज बोलल्यासारखं पुढे म्हणाला की सरकारी पंच फिरला तर त्याच्यावर कारवाई होते, पण हे मी तुमाले काय सांगू.

फोन ठेवला आणि मी पर्याय मोजायला लागलो. खरं सांगितलं तर मी चार वर्षांपूर्वी खोट्या कागदावर सही केली हे स्वतःच्या तोंडाने कबूल करणार होतो, आणि बहुधा खुनी सुटणार होता. खोटं सांगितलं तर एक माणूस माझ्या शब्दावर जन्मठेपेला जाणार होता, ज्याने काय केलं आणि काय नाही हे मला अजिबात माहीत नव्हतं. आजारी पडायचा विचार मी गंभीरपणे केला. आजारी पडलं की तारीख पुढे जाते, एवढंच होतं. तो माणूस तेवढे दिवस आणखी आत राहणार. तो पकडल्यापासून आतच होता, त्याचा जामीन झाला नव्हता, कारण त्याच्याविरुद्ध सुऱ्याचा भक्कम पंचनामा होता.

बायकोला सांगितलं. ती वलगावच्या शाळेत शिकवते आणि माझ्यापेक्षा कमी बोलते. तिने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलाच प्रश्न नेमका विचारला, "त्या मानसानं केलं असन का नसन?"

मी म्हटलं, मला माहीत नाही.

ती म्हणाली, मग ठरवायचं कोर्टाने, तुम्ही कशाला मधे पडता, हो म्हणा आणि घरी या. मी म्हटलं, मी मधे पडलेलोच आहे. त्यावर ती म्हणाली की तुमची नोकरी गेली तर मी आहे, पण तुमचं नाव गेलं तर ते मला आणता यायचं नाही. हे तिने कोणत्या बाजूने म्हटलं ते मला तेव्हा कळलं नाही, आणि विचारायची हिंमत झाली नाही.

मग मी जे मला येतं ते केलं. चार दिवस मी देश चाळले. एकोणीस वर्षांच्या वह्या काढल्या आणि माझ्यासारख्याची कुठे काही सोय आहे का ते शोधलं. फ्रान्समध्ये तपासावरच्या न्यायाधीशाने मला आधी बंद खोलीत बोलावलं असतं, तिथे कदाचित हळू आवाजात सांगता आलं असतं. पण पुढे मोठ्या न्यायालयात उभं राहावंच लागलं असतं. इंग्लंडात मुळात पंच नाही, सुरा ज्या पोलिसाने उचलला त्यानेच येऊन सांगायचं. तिथे मी ठाण्यात चहा पिऊन सुखरूप परत आलो असतो. अमेरिकेत तो माणूस बहुधा घाबरून आधीच गुन्हा कबूल करून बसला असता आणि मला कुणी विचारलंही नसतं. ही कल्पना मला काही क्षण फार आवडली, हे मी लपवत नाही. आपल्याकडे नव्या कायद्याने जप्तीचं चित्रीकरण करावं लागतं, तिथे न गेलेला पंच त्यात दिसणारच नाही. आमचं प्रकरण जुनं. सगळे देश फिरून झाले, आणि शेवटी सगळीकडे एक माणूस उभा राहून शपथेवर तोंड उघडतो, तिथेच मी येऊन अडकत होतो.

साक्षीच्या दिवशी बडनेऱ्याहून सकाळच्या गाडीने निघालो. मूर्तिजापूर गेलं तोवर माझं ठरलं होतं की खरं सांगायचं. अकोला स्टेशनच्या बाहेर रिक्षात बसलो तोवर ठरलं होतं की हो म्हणायचं.

कोर्टाच्या व्हरांड्यात पैरवी हवालदार माझी वाट बघत होता. त्याने पंचनाम्याची झेरॉक्स हातात दिली आणि एकदा नजर मारून घ्या म्हणाला. चार वर्षांनी मी पहिल्यांदा तो पूर्ण वाचला. मी आरोपीच्या मागोमाग चालत गेलो होतो, अठरा पावलं. आरोपीने बाभळीच्या बुंध्याशी हाताने माती उकरली होती. मी हे सगळं समक्ष पाहिलं होतं. ते इतकं व्यवस्थित लिहिलं होतं की मला क्षणभर वाटलं, गेलो असेनही.

बाकावर एक म्हातारी बसली होती, मांडीवर कापडी पिशवी. हवालदार म्हणाला, मयताची आई, एक तारीख चुकवत नाही. त्याने तिला मी कोण ते सांगितलं. ती उठली आणि तिने मला हात जोडले. तुम्ही एवढ्या मोठ्या कॉलेजातून माझ्या पोरासाठी आलात, असं काहीतरी ती बोलली. मी तिला खाली बसा म्हटलं.

मग आरोपीची वकील आली, आणि ती माझी विद्यार्थिनी निघाली. आरोपीकडे वकील लावायची ऐपत नव्हती म्हणून सरकारकडून तिची नेमणूक झाली होती. सात-आठ वर्षांपूर्वी पहिल्या बाकावर बसायची. तिने वाकून नमस्कार केला आणि ओशाळून म्हणाली, "सर, उलटतपासात मला नेहमीचे प्रश्न विचारावेच लागतात. राग मानू नका. तुमची सही आहे म्हणजे तुम्ही पाहिलंच असणार, हे मी माझ्या पक्षकारालाही सांगितलंय."

या एका वाक्याने मी जेवढा अडकलो तेवढा समन्सनेही अडकलो नव्हतो.

पुकारा झाला. मी पिंजऱ्यात उभा राहिलो, शपथ घेतली. सरकारी वकील भला माणूस होता, घाईत होता. समोर आरोपी बसला होता, चार वर्षांत त्याच्या कानशिलांवरचे केस पांढरे झाले होते. त्याला ओळखता का, हो. ही तुमची सही का, हो. तुमच्यासमोर तो काय बोलला, मी सांगितलं. मग कुठे गेलात, सांगितलं. मजकूर खरा आणि बरोबर आहे का, हो. माझा आवाज ठाम होता. आणि एवढ्यावर मी थांबलो नाही. सुरा कसा काढला असं विचारल्यावर मी म्हणालो की खाली बाभळीचे काटे पडले होते म्हणून तो जरा जपून बसला आणि मग त्याने माती उकरली. काटे पंचनाम्यात नव्हते. ते माझं मीच घातलं. बोलायला लागलो की मला दृश्य दिसायला लागतं, वर्गातही हेच होतं. सरकारी वकिलांनी समाधानाने मान हलवली. मला स्वतःची किळस आली, आणि त्याच वेळी सुटल्यासारखंही वाटलं. संपलं होतं ना.

मग माझी विद्यार्थिनी उठली. तिने विचारलं ती जागा सगळ्यांना मोकळी होती का, मी याआधी कधी पंच झालो होतो का. शेवटी येतात त्या सूचना. खटल्याचं काम ज्याने पाहिलंय त्याला हे माहीत असतं. बचावाचा वकील एकेक गोष्ट पंचाच्या तोंडावर म्हणतो, पंच प्रत्येकीला नाही म्हणतो, आणि ते सगळं एकाच साच्यात टाइप होतं. ती म्हणाली, "तुम्ही घटनास्थळी गेला नाहीत आणि पोलीस ठाण्यात बसून सह्या केल्या." बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती. टंकलेखकाचा स्क्रीन मला बाजूने दिसत होता. तिचं वाक्य संपायच्या आत त्याने टाइप करायला घेतलं होतं, 'हे म्हणणे खरे नाही की मी घटनास्थळी गेलो नाही'.

माझं उत्तर माझ्याआधीच तिथे आलं होतं. ते वाचून मला अचानक राग आला. कुणाचा ते नीट सांगता येणार नाही, टंकलेखकाचा तर नक्कीच नाही, तो बिचारा दिवसातून पन्नास वेळा हेच लिहीत असेल. मी म्हटलं, "ते खरं आहे."

टंकलेखक थांबला नाही. न्यायाधीशांनी पुढचा प्रश्न घ्या म्हणून हात केला. मला पुन्हा बोलावं लागलं. "साहेब, ते खरं आहे. मी तिथे गेलो नाही. ठाण्यात बसून सह्या केल्या."

आता सगळे थांबले. न्यायाधीशांनी चष्मा काढला आणि शांतपणे विचारलं की दहा मिनिटांपूर्वी तुम्ही शपथेवर काय सांगितलंत ते लक्षात आहे का. मी हो म्हटलं. याचे परिणाम माहीत आहेत का. मी म्हटलं, शिकवतो. टंकलेखकाने 'खरे नाही' मधलं 'नाही' खोडून 'आहे' केलं. माझी विद्यार्थिनी तोंडावर हात धरून उभी होती.

सरकारी वकिलांनी मला फितूर ठरवून उलटतपासाची परवानगी मागितली, आणि भल्या माणसाने माझी सालटी काढली. आरोपीच्या लोकांनी दबाव आणला का, नाही. मग तेव्हा खोटं बोललात की आता, तेव्हा. काटे होते असं का सांगितलं. यावर मी म्हणालो, बोलण्याच्या ओघात. ते तसंच टाइप झालं. आरोपीने एकदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आभार वगैरे काही नव्हते. चार वर्षं त्याने बहुधा सगळ्यांना हेच सांगितलं असणार, आणि कुणी ऐकलं नसणार.

पुढचं थोडक्यात सांगून टाकतो. काही महिन्यांनी तो सुटला. त्याने खून केला होता की नाही हे मला आजही माहीत नाही. निकालपत्रात माझ्यावर एक अख्खा परिच्छेद आहे, तो मी वर्गात वाचून दाखवू शकत नाही. खोट्या साक्षीबद्दल माझ्यावर कारवाई का करू नये, अशी नोटीस आली आहे. संस्थेने चौकशी समिती नेमली आहे आणि तोवर मला परीक्षेच्या कामातून काढलं आहे, पेपर मात्र मीच शिकवतो, कारण दुसरं कुणी तो शिकवायला तयार नाही. बायकोने फक्त विचारलं की दहा मिनिटं का लावलीत.

पण मला त्या दिवशीचं राहिलेलं सांगायचं आहे. मी पिंजऱ्यातून उतरलो. खोटं कशाला बोलू, आत कुठेतरी मला बरं वाटत होतं. एवढं सगळं गमावून का होईना, मी खरं बोललो होतो. व्हरांड्यात आलो तर मयताची आई उभी होती. आत काय झालं ते तिला हवालदाराने सांगितलं असावं. मला वाटलं ती शिव्या देईल. शिव्यांची माझी तयारी होती.

तिने विचारलं, "सर, आज बोल्ले थे खरं हाय ना?"

मी हो म्हटलं.

"मंग तवा कावून नाही बोल्ले?" तिचा आवाज चढला नव्हता. "तवाच म्हटलं असतं का मी पाह्यलं नाही, मी सई करत नाही, त पोलिसाइले हिंडा लागलं असतं. त्याइनं इचारपूस केली असती, धा घरं शोधले असते. तुमी सई देल्ली, त्याइचं काम संपलं. त्याइनं शोधनं सोडून देल्लं. आता चार वर्सानं माह्या पोराले कोनं मारलं, थे कोन पाहणार हाय?"

एकोणीस वर्षं मी आरोपीचे हक्क शिकवले, साक्षीदाराची कर्तव्यं शिकवली. या चार वर्षांत रोज मी त्या आत बसलेल्या माणसाचा आणि स्वतःचा विचार केला होता. या बाईचा मी एकदाही केला नव्हता. ती उत्तरासाठी थांबली होती. खरोखरच थांबली होती, मी शिकलेला माणूस आहे, मला माहीत असेल, अशा नजरेने.

मी म्हणालो, "कोनीच नाही, मावशी."

तिने मान हलवली. मग पैरवी हवालदाराकडे वळून तिने पुढची तारीख कधी आहे ते विचारलं.